रेजिना मावशीचा डावा हात

रेजिना मावशीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आपल्या घराच्या ओट्यावर बसून अंड्यात फुंकर मारत होती. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये अंडं धरलेलं, गाल फुगलेले, डोळे मिटलेले. अंड्याच्या खालच्या भोकातून पिवळी तार संथपणे स्टीलच्या वाटीत उतरत होती. त्या हाताला मधली तीन बोटं नव्हती हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. आम्हाला मरोळच्या गावठाणात राहायला येऊन चार दिवस झाले होते, मी नऊ वर्षांची होते आणि असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. तिने अंडं रिकामं केलं, कानाशी नेऊन हलवून पाहिलं आणि मगच माझ्याकडे बघितलं.

"काय बगतंस? हात धुवून ये. तुला पण देते एक."

"कशाला?"

"ईस्टरला. अजून महिना हाय, पण अंडी लय लागतात. पोरं फोडतात ना."

मी हात धुवून आले. पुढची सहा वर्षं मी त्या ओट्यावर जात राहिले.

गिरण्यांच्या संपात बाबांची नोकरी गेली होती. लालबागची खोली सोडून आम्ही मरोळला एका घराच्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत आलो, कारण बाबांना साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम मिळालं होतं. समोरचं कौलारू घर रेजिना मावशीचं. पन्नाशीची बाई, लग्न केलेलं नाही, एकटीच राहायची. अंगावर बारीक फुलांचा फ्रॉक, रविवारी अंबाड्यात अबोलीची वेणी. लग्नातल्या नवरींसाठी कापडी फुलांचे मुकुट बनवणं हा तिचा धंदा. चर्चला ती देऊळच म्हणायची. माझ्या आईने एकदा तिला विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" तर मावशीने पायाखालच्या शहाबादी फरशीकडे बोट दाखवलं. "हेच. विमानतळाच्या आधीपासून आमी हितंच."

ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवस उपासाचे असतात. त्या दिवसांत रोज संध्याकाळी पाच वाजता गल्लीतली सात-आठ पोरं मावशीच्या ओट्यावर जमत. त्यातली निम्मी हिंदू होती. हे कोणालाच विशेष वाटत नसे, मावशीला तर अजिबात नाही. ती पहिल्या दिवशी नियम सांगायची. अंडी पांढरी हवीत, इंग्लिश. गावठी अंड्यावर रंग बसत नाही. सुईने दोन्ही टोकांना भोक पाडायचं, खालचं जरा मोठं. सुई आत घालून बलक मोडायचा, मग फुंकायचं. रिकामं टरफल पाण्याने धुवून उन्हात उभं ठेवायचं. आतला ऐवज वाट्यांमधून ज्याच्या त्याच्या घरी जाई. त्या महिन्यात आमच्याकडे इतकी भुर्जी व्हायची की बाबा ताट बघून म्हणायचे, "आज पण फुंकलं वाटतं."

अख्खी अंडी वेगळ्या कामाची. कोथिंबिरीचं किंवा मेथीचं एखादं पान अंड्यावर चिकटवायचं, वरून जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधायचं आणि कांद्याच्या सालींच्या पाण्यात, थोडं व्हिनेगर घालून उकळायचं. गार झाल्यावर कापड सोडलं की अंडं तांबूस विटकरी झालेलं, आणि पान होतं तिथे पानाची पांढरी नक्षी, शिरांसकट. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अंडं फिरवून फिरवून बघत राहिले. मावशी म्हणाली, "मी नाय केलं. पानानं केलं. आपण फक्त घट्ट बांदायचं."

ती शिकवताना कधी ओरडत नसे. टरफल हातात फुटून एखादं पोर रडवेलं झालं की ती दुसरं अंडं पुढे करायची. "फुटलं तर फुटलं, भुर्जी होईल." हे वाक्य इतक्यांदा तिच्या तोंडून निघे की गल्लीत आम्ही पोरं पडलो, नापास झालो, क्रिकेटमध्ये हरलो तरी तेच म्हणायचो.

बोटांबद्दल तिला विचारायला कोणी घाबरत नसे, कारण ती सरळ सांगायची. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणारा एक कारखाना होता, तिथे ती प्रेसवर होती. चौतिसाव्या वर्षी बोटं गेली. "मशीनचा काय दोष नाय. माजं लक्ष दुसरीकडं होतं," एवढंच म्हणायची. नंतर सगळं काम तिने डाव्या हाताला शिकवलं. सुई, कात्री, ब्रश, लिहिणं. उजव्या हाताचं काम आता फक्त धरून ठेवण्याचं.

गल्लीच्या तोंडावर किराणा दुकान होतं. त्या गुजराती दुकानदाराची मुलगी हेतल माझ्याच वर्गात होती. ती रोज ओट्याच्या पायरीपर्यंत येई आणि तिथेच उभी राही. अंड्याला हात लावायचा नाही, ही तिच्या आजीची ताकीद. मावशीने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी एक छोटा फुगा फुगवला. वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत भिजवून फुग्यावर थरावर थर लावले. खळीत वाटलेली मेथी घातली, म्हणजे कीड लागत नाही. तीन दिवस वाळू दिलं, फुगा टोचून बाहेर काढला आणि ते कागदी अंडं घेऊन ती स्वतः हेतलच्या आजीकडे गेली. आम्ही सगळी पोरं मागे. आजीने ते हातात घेऊन वास घेतला.

"इसमें अंडा नहीं ना?"

"पेपर आणि मेथी. पाहिजे तर भाजी करा."

आजी हसली. दुसऱ्या दिवसापासून हेतल ओट्यावर बसू लागली, आणि तिचं अंडं आमच्या सगळ्यांच्या अंड्यांपेक्षा मोठं असल्यामुळे आम्हालाच कागदाची अंडी हवीशी वाटू लागली.

आता माझी गोष्ट. मी डावखुरी. घरात ते पाप नव्हतं, पण खोड होती, आणि खोड मोडायची असते. डाव्या हाताने घास घेतला की आई पळीने मनगटावर मारायची. नव्या शाळेत आमच्या बाई त्याच्याही पुढे गेल्या होत्या. लिहिताना डावा हात मांडीखाली घेऊन बसायचं, असा त्यांचा हुकूम होता. उजव्या हाताने माझी अक्षरं पाटीवरून सांडल्यासारखी यायची. वर्गात मुली हसत, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत असूनही मी गप्प बसायचे, कारण उत्तर आलं की बाई म्हणत, "आता फळ्यावर लिही."

ओट्यावर पहिल्याच दिवशी मी सुई डाव्या हातात घेतली, मावशीकडे बघितलं आणि पटकन उजव्या हातात घेतली. तिने ते पाहिलं.

"कुठल्या हाताचं हाय तू?"

"उजव्या."

"खोटं बोलू नको. सुईला माहीत हाय."

मी मान खाली घातली. मावशी म्हणाली, "हितं ओट्यावर जो हात येईल तो हात."

मग मात्र मला काय झालं कोण जाणे. मांजराच्या केसांचा बारीक ब्रश डाव्या हातात आला आणि रेघा हव्या तिथे जाऊ लागल्या. मावशी माझ्या शेजारी बसायची. दोघींचे डावे हात चालत असायचे, त्यामुळे कोपराला कोपर लागत नसे. बाकीच्या पोरांना दाखवताना तिला समोर बसावं लागे. मला शेजारी बसून दाखवता येतं, याचा तिला आनंद होता. काथ्याचं घरटं कसं वळायचं, कापसाच्या पिल्लाला मिरीचे डोळे कसे लावायचे, झावळीच्या पातीचा क्रूस घडी न मोडता कसा ओवायचा, हे सगळं मी डाव्या हाताने शिकले.

दोन आठवड्यांनी आईने पाहिलं. ती बाजारातून येत होती. भाजीची पिशवी एका हातात, दुसऱ्या हाताने तिने मला दंडाला धरून उठवलं. मावशीला म्हणाली, "बाई, आम्ही हिला वळण लावायचं बघतो आणि तुम्ही मोडून ठेवता." मला परत ओट्यावर जायला बंदी झाली. संध्याकाळी पाच वाजता माळ्याच्या खिडकीतून मी खाली बघायचे. पोरांची डोकी दिसायची, मावशीच्या शेजारची जागा रिकामी दिसायची.

पाचव्या दिवशी मावशी आमच्याकडे आली. माळ्याचा जिना उभा होता. ती एका हाताने कठडा धरून हळूहळू वर आली आणि दारातच बसली. आई सुपात तांदूळ निवडत होती. बाबा नुकतेच कामावरून येऊन चहा पीत होते.

"वहिनी, रागावलात ते बरोबर हाय. मी आदी विचारायला पाहिजे होतं," मावशी म्हणाली.

आई खडे वेचत राहिली.

"पण एक सांगते. मला हा हात शिकवायला चार वर्षं लागली. पहिलं वर्षभर मला माजं नाव लिहिता येत नव्हतं. चौतीस वर्षांची बाई, लहान पोरासारकी रडायची मी. तुमच्या पोरीला हा हात जन्मापासून तयार मिळालाय. तो बांदून कशाला ठेवता?"

आईने सूप खाली ठेवलं. "तुमचं वेगळं आहे हो. तुमच्यावर वेळ आली. हिला उद्या परक्या घरी जायचंय. डाव्या हाताने वाढणार? डाव्या हाताने हळदकुंकू लावणार? लोक मलाच बोलतील, आईने शिकवलं नाही म्हणून."

"मग वाढायला, जेवायला उजवा राहू दे. ते मी पण तिला सांगीन, तुमच्या बाजूनं. लिहायला आणि चितारायला तेवढा डावा द्या. अर्दं तुमचं, अर्दं तिचं."

मग बाबांनी कप खाली ठेवला. संप फिसकटल्यापासून ते गिरणीचं नाव काढत नसत, म्हणून ते बोलू लागले तेव्हा आईनेही वर बघितलं. "आमच्या खात्यात एक डावखुरा विणकर होता. तुटलेला धागा त्याच्याइतका लवकर कोणी जोडत नसे. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, त्याला मुद्दाम वाईट मागांवर पाठवायचा."

"हे आजवर कधी बोलला नाहीत," आई म्हणाली.

"विचारलं नाहीस."

आईने सूप परत मांडीवर घेतलं. तांदूळ निवडता निवडता तिने मावशीला विचारलं, "दुखतं का अजून?"

"थंडीत. गंमत म्हणजे जी बोटं नाय तीच दुखतात."

"चहा घ्या," आई म्हणाली. परवानगी मिळाली ती अशी.

घरचं मिटलं, शाळेचं राहिलं. मी मावशीला म्हटलं, तू शाळेत येऊन बाईंना सांग. ती चटकन नाही म्हणाली. "मी आले तर तुजी बाई माज्या हाताकडं बगेल, तुज्या नाय. तुजं तू सांग."

मावशीचा आणखी एक नियम होता. ईस्टरसाठी केलेलं अंडं आपल्या घरात ठेवायचं नाही, घराबाहेरच्या कोणाला तरी द्यायचं. कोणाला, ते ज्याचं त्याने ठरवायचं. हेतलने आपलं कागदी अंडं दुकानातल्या हमालाला दिलं होतं. मी त्या वर्षी एका टरफलावर गिरणीतला विणायचा माग काढला होता. बाबांनी कागदावर काढून दाखवला तसा, ताण्याबाण्याचे उभेआडवे धागे, त्यांतून फिरणारा धोटा, सगळं. दहा दिवस लागले आणि दोन टरफलं फुटली. ते कोणाला द्यायचं हे मावशीने मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ईस्टरनंतरच्या सोमवारी ते अंडं काथ्याच्या घरट्यात ठेवून मी शाळेत नेलं. पहिला तास सुरू व्हायच्या आधी बाईंच्या टेबलापाशी गेले. बाईंनी अंडं उचललं, उजेडाकडे धरलं.

"कोणी केलं?"

"मी."

"तू? कुठल्या हाताने?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. मी म्हटलं, "डाव्या."

बाई मागाच्या रेघा बघत राहिल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मला पुढे कळलं. त्यांना जे शिकवलं गेलं होतं तेच त्या शिकवत होत्या. त्यांनी अंडं खडूच्या डब्याशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "जागेवर जा. वही काढ." मी बाकावर बसले, सवयीने डावा हात मांडीखाली घेतला. बाई शुद्धलेखन सांगत सांगत माझ्या बाकापाशी आल्या आणि काही न बोलता माझी पेन्सिल उचलून डाव्या बाजूला ठेवली.

संध्याकाळी मी धावत ओट्यावर जाऊन हे सांगितलं. मावशी मुकुटाच्या तारेला फूल बांधत होती. तिने काम थांबवलं नाही. "मग? अक्षर कसं आलं?" एवढंच विचारलं.

त्यानंतरची चार वर्षं सुखाची गेली. मी मोठी झाले तशी ओट्यावर मावशीची मदतनीस झाले, लहान पोरांच्या सुया ओवू लागले. आईही कधीकधी संध्याकाळी खाली येऊन बसायची आणि कांद्याच्या साली आणून द्यायची. मी आठवीत असताना एका सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तरी मावशीने दार उघडलं नाही. बाबांनी खिडकीतून हात घालून कडी काढली. ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती, शुद्धीत होती. अर्धांगवायूचा झटका आला होता. डावी बाजू गेली होती.

हॉस्पिटलमध्ये मी आईबरोबर तिला बघायला गेले. चादरीवर तिचा डावा हात पडला होता, कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. मला तिच्याकडे बघवेना. तिची जीभ जड झाली होती, तरी तिने मला जवळ बोलावलं आणि उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी उघडझाप करून दाखवली.

"हा शिल्लक हाय," ती म्हणाली. "परत पहिलीत बसायचं."

मला रडू आलं. ती मात्र रडली नाही. आई बाहेर आल्यावर जिन्यात थांबली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "देवाने त्या बाईचा एवढा अंत का बघावा?"

त्या वर्षी उपासाचे दिवस आले तेव्हा मला वाटलं ओटा बंद राहणार. पण पहिल्या संध्याकाळी मावशीने शेजाऱ्यांकडून खुर्ची बाहेर काढून घेतली. पोरं आली. मावशी तोंडाने सांगायची आणि मी हाताने करून दाखवायचे. मी चुकले की ती म्हणायची, "नाय नाय, माजा हात असा नाय वळत," आणि मी पुन्हा करायचे. मधूनच ती करंगळी आणि अंगठ्यात ब्रश धरायची. ब्रश पडायचा. पोरं उचलून द्यायची. पडायचा, उचलून द्यायची. कोणी हसलं नाही. चाळीस दिवसांत तिने एकच अंडं रंगवलं. त्यावर एक पिवळी रेघ होती, तीही मध्येच तुटलेली. ते तिने वॉर्डातल्या आयाबाईला पाठवून दिलं.

पुढच्या वर्षी तिच्या बहिणीने तिला वसईला न्यायचं ठरवलं. एकटीने राहणं आता शक्य नव्हतं, हे मावशीलाही पटलं होतं. मी तेव्हा नववीत. टॅक्सीत बसताना तिने माझा हात धरला, डावाच.

"मला पत्र लिही. मी उत्तर देईन. येळ लागेल, पण देईन."

"तू कशी लिहिणार मावशी? बहिणीला सांग ना लिहायला."

"तिचं अक्षर घाण हाय," ती म्हणाली, आणि टॅक्सी सुटली.

मी पत्र लिहिलं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. आंतर्देशीय पत्रावर मोठमोठी, एकमेकांवर आदळलेली सहा अक्षरं. 'शालू बरी हाय'. शालू म्हणजे मी. ती स्वतः बरी आहे की मला विचारते आहे, हे कळत नव्हतं. दुसरं पत्र चार महिन्यांनी आलं, त्यात तीन ओळी होत्या. वसईच्या घराशेजारी पोरं पुष्कळ आहेत, नारळीच्या झावळ्या फुकट मिळतात, बहीण खूप बोलते. तिसऱ्या पत्राने अख्खं पान भरलं. त्या पत्रात तिने मला कळवलं होतं की ईस्टरला पोरांकडून बावीस अंडी करून घेतली, त्यातली दोन तिने स्वतः केली, आणि एकावर पानं काढली, देठासकट.

चौथं पत्र बहिणीचं होतं. अक्षर खरंच वाईट होतं, मला ते दोनदा वाचावं लागलं. मावशी झोपेत गेली होती, शांतपणे. आदल्या दिवशी दुपारी ती टेबलाशी बसून पेन बदलून मागत होती. हे पेन शाई ओकतं, अशी तिची तक्रार होती.

आईने त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. बाबा संध्याकाळी येताना मेणबत्ती घेऊन आले. मी तिची तिन्ही पत्रं काढून जमिनीवर एकाखाली एक मांडली. पहिल्या पत्रातला माझ्या नावाचा 'श' मोडून पडला होता. दुसऱ्यात तो उभा राहिला होता, पण कलता. तिसऱ्यात त्याची गाठ नीट वळली होती, काना सरळ उतरला होता, वरची रेघ कुठेही तुटली नव्हती. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने खाली वाकून त्या 'श'वरून बोट फिरवलं.

"सुधारलं होतं अक्षर," ती म्हणाली.